मावशीचा ब्रेल प्रिंटर

मावशीला दिसत नव्हतं, पण शाळेत गणित शिकवताना तिने भल्याभल्यांना घाम फोडला होता. निवृत्तीनंतर ती घराच्या मागच्या खोलीत अंध मुलांसाठी पुस्तकं छापायची. कागदावर ठिपके उठवणारा तिचा ब्रेल प्रिंटर दणकट होता. त्याला जोडलेल्या कॉम्प्युटरने मात्र एक दिवस मान टाकली.

नवा कॉम्प्युटर आला, नवी ऑपरेटिंग सिस्टीम घेऊन. तिने प्रिंटरला ओळखच दाखवली नाही. प्रिंटरची कंपनी तर केव्हाच बुडालेली.

"भंगारात काढा, बाई," दुकानदार म्हणाला.

"तुलाच काढीन," म्हणत मावशीने फोन ठेवला आणि भाचीला बोलावलं.

भाची प्रोग्रामर. कॉम्प्युटरचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो जुना ड्रायव्हर तिने कसाबसा नव्या सिस्टीमच्या गळी उतरवला. पहिलं पान झकास आलं. दुसऱ्या पानावर प्रिंटर अडकला आणि कॉम्प्युटरही गपगार. पुन्हा चालू केलं, पुन्हा तेच. भाची रडकुंडीला आली.

"नाही गं जमत, मावशी."

"मी मघापासून ऐकतेय. अडकायच्या आधी तो अर्धी ओळ गाळून पुढे पळतो. तोंडातला घास संपायच्या आत कुणी दुसरा कोंबावा ना, तसं होतंय त्याचं."

भाची ताडकन उठली. खरंच की! नवा कॉम्प्युटर सुसाट, प्रिंटरची मेमरी एवढीशी. तो 'थांब' म्हणत होता आणि जुना ड्रायव्हर या सिस्टीमवर ते ऐकतच नव्हता.

तिने स्वतःच नवा ड्रायव्हर लिहायला घेतला. थोडं पाठवायचं, होकार आला की पुढचं. पहिल्या प्रयत्नात ठिपके उलटेसुलटे उमटले.

"माझ्या भूमितीचा पार चुथडा केलास की!" पानावर बोटं फिरवत मावशी खो खो हसली.

चूक सापडली. मग प्रिंटर जो सुटला, तो अख्खं पुस्तक छापूनच थांबला. मावशीने शेवटचं पान वाचलं. "एक ठिपका हललेला नाही!" दोघींनी एकमेकींना मिठीच मारली.

भाचीने तो ड्रायव्हर इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला. आठवड्याभरात एका अंधशाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. त्यांचा असलाच प्रिंटर गोणपाटाखाली पडून होता. "चालला हो! थांबायचं नावच घेत नाहीये!"

"थांबवू नकाच," मावशी म्हणाली. "भूमिती आमची झालीय. बीजगणित तुम्ही घ्या."