चालकाचं नाव

काचेचा एक दाणा ड्रायव्हरच्या सीटच्या शिवणीत अडकला होता — साबुदाण्याएवढा, हिरवट. यशोधरा तो नखाने काढू पाहत होती आणि तो आणखीच आत जात होता. गाडीच्या पलीकडे विमा कंपनीचा सर्व्हेअर, समीर नावाचा तरुण, चेपलेल्या दरवाजाचे फोटो घेत होता. कॅम्प एक वस्तीतल्या या गॅरेजात दुपारी बाराला पत्रा तापलेला... आणि सीट मागे सरकलेली, पाय पोचत नव्हते. संतोषभावजी चालवून गेले की सीट अशी मागे असायची. नवरा, महेंद्र, गेल्यापासून तीन वर्षं ती पुढे ओढताना तिला वाईट नाही वाटलं कधी — घरात कुणीतरी आपलं आहे, असंच वाटायचं.

महेंद्र आणि भावजी जुने मित्र, अंबरनाथच्या एकाच कारखान्यात वीस वर्षं होते. महेंद्रनंतर ती गाडी विकायला निघाली, तेव्हा भावजींनीच अडवलं होतं; पालेगावातल्या नव्या इमारतींमागे, रिकाम्या रस्त्यावर, दोन महिने शेजारी बसून त्यांनी तिला क्लच सोडायला शिकवलं होतं. मग स्वतःच्या आईला दर रविवारी फिजिओथेरपीला न्यायला त्यांनी गाडी मागितली, तेव्हा किल्ली देताना विचार कसला करायचा? गेल्या रविवारी एका वळणावर त्यांनी रिक्षाला धडक दिली. रिक्षावाल्याचा पाय मोडला.

समीर खिडकीशी वाकला. "मॅडम, फोनवर तुम्ही सांगितलंत, संतोष नावाचे गृहस्थ चालवत होते. पोलिसांच्या कागदावर चालक म्हणून तुमचं नाव आहे."

"माझं? मी तर घरी होते."

"गाडी दुसऱ्याला दिली म्हणून क्लेम जात नाही. तुमच्या परवानगीने कुणीही चालवू दे, त्याचं लायसन्स चालू पाहिजे, बस. म्हणून विचारतोय, नक्की कोण होतं?"

ती फोन घेऊन गॅरेजच्या मागे, टायरांच्या ढिगाजवळ गेली. भावजींनी लगेच उचलला. आवाज नेहमीचाच, समजावणारा.

"वहिनी, सांगणारच होतो. माझं लायसन्स दोन वर्षांपूर्वी संपलंय, राहूनच गेलं. तुमचं चालू आहे. म्हटलं, वहिनी चालवत होत्या, घाबरल्या म्हणून घरी पाठवलं. फॉर्मवर तेच लिहा, मॅटर संपेल. त्या रिक्षावाल्यालाही विम्यातूनच मिळेल ना."

"मला विचारलं नाहीत."

"तुम्ही काय नाही म्हणणार होतात?"

तिने फोन ठेवला. नाही म्हणणार होते का मी... त्यांनी हे किती सहज धरलं होतं. दोन वर्षं. म्हणजे मुलीला, अस्मिताला, परीक्षेला बदलापूरला सोडलं, तेव्हाही; पुढे ट्रॅफिक पोलीस दिसल्यावर त्यांनी गाडी शिरगावच्या गल्लीत घातली होती, 'शॉर्टकट' म्हणाले होते, आणि यशोधरा मागे बसून हसली होती. तेव्हा काही खटकलं होतं की ते आत्ता खटकतंय?

आणि कालचं हॉस्पिटल. ती मोसंबी घेऊन गेली होती. रिक्षावाला, राजू, औषधाने झोपलेला. त्याची बायको संध्या स्टुलावरून उठली, तिला बसायला दिलं आणि हळूच म्हणाली, "ताई, तुम्हाला नाही ना लागलं कुठे?" किती चांगली बाई, असं मनात म्हणत यशोधरा घरी आली होती. आज, टायरांच्या रबरी वासात, तिला ते वाक्य पुन्हा ऐकू आलं — ती बाई आपल्या नवऱ्याचा पाय मोडणारीला स्टूल देत होती. आणि मी मोसंबी सोलून ठेवली... भावजींना हे ठाऊक होतं. "जाऊन या, वहिनी, बरं दिसेल," त्यांनीच म्हटलं होतं.

ती परत आली. समीरने बॉनेटवर फॉर्म ठेवला. गाडीमालकाचं नाव तिने लिहिलं, सावकाश, शाळेतल्यासारखं. खाली — चालकाचं नाव.

खरं लिहिलं तर त्यांच्यावर केस. राजूची भरपाई कंपनी कदाचित माझ्याकडूनच वसूल करेल. त्यांची आई, तिची फिजिओ... खोटं लिहिलं तर संध्या आयुष्यभर मलाच विचारत राहील, लागलं नाही ना. समीर घड्याळाकडे न बघता थांबला होता, हे त्याचं चांगुलपण तिला सहन होईना. पेन कागदाला टेकलं होतं, शाईचा ठिपका मोठा होत होता. मनात ती त्यांचं नाव जुळवत होती, आणि तिच्या लक्षात आलं, की नावापुढे 'भावजी' लागत नाहीये. नुसतं संतोष — रस्त्यावरच्या कुणाही माणसाचं असावं तसं.