गेटजवळचं गाऱ्हाणं

मालवणातल्या एका अपार्टमेंटची देखभाल आमची कंपनी करते, आणि कंपनी म्हणजे इथे मी, संजना. लिफ्ट अडकली, ड्रेनेज तुंबलं, बाल्कनीत माकड शिरलं, की फोन मलाच. काम मला येतं, आणि हे सांगायला मी लाजत नाही. निम्मे फ्लॅट गाववाल्यांचे, निम्मे मुंबईकरांचे. दोघांना खूश ठेवायचं म्हणजे एका घरात दोन सासवा. तेही मी निभावते.

मे महिन्यात पाण्याचा पंप बंद पडला. तो बदला म्हणून पुण्याच्या ऑफिसपाशी मी कधीपासून डोकं फोडत होते. पण सुट्टीला आलेल्या मुंबईकरांच्या नळाला पाणी येईना, तेव्हा खापर फुटलं माझ्याच डोक्यावर. आमचे एरिया मॅनेजर सुशांत सर फोनवर म्हणाले, "रविवारी मी येतोय. रहिवाशांनी तुझ्याविरुद्ध बोलायचा अवकाश, साइटवरचा माणूस काढून सगळं ॲपवर न्यायचं ठरलंय."

मला संताप आला. भीतीही वाटली, खोटं कशाला बोलू? ही नोकरी गेली तर गाव सोडून पोट भरायला जावं लागणार, आणि मला मालवण सोडायचं नव्हतं.

सरांनी लावायला नोटीस पाठवली: 'सर्व रहिवाशांनी रविवारी सकाळी गेटजवळ जमून गाऱ्हाणे घालावे.'

वाचून मी लगेच फोन केला. "सर, 'तक्रारी सांगाव्यात' असं लिहू या का? आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे..."

"संजना, तक्रार हा फारसी शब्द. मी शुद्ध मराठी लिहिलंय. तू फक्त लाव."

लावली बाई. साहेबांच्या शब्दापुढे आपण कोण?

पुण्यात गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे नारळ-विडा ठेवून देवाला घातलेलं साकडं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी हात जोडून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तळमजल्यावरच्या रुक्मिणीआक्का मासळीची पाटी घेऊन निघाल्या होत्या. नोटीस वाचून त्यांना नारळ आणायची चिंता पडली; मला विचारलं, "गाराणा? मगे नारळ कोण हाडतलो गो?"

"माका म्हायत नाय, आक्का. माका फक्त लावूक सांगल्यानी. रविवारी माझी नोकरीच जातली बहुतेक."

रविवारी सर फाईल आणि पेन घेऊन गेटपाशी खुर्चीवर बसले. माणसं उतरली ती न्हाऊनधुऊन, बायका डोक्यात अबोली माळून. मुंबईकरसुद्धा पोराबाळांना घेऊन आले. मुंबईला राहिले तरी शेवटी इथलेच ते. पाटावर नारळ, विडा, अगरबत्ती. दुसऱ्या मजल्यावरचे गंगारामकाका सोवळं नेसून पुढे झाले. गावच्या देवळात गाऱ्हाण्याचा मान त्यांच्या घराण्याचा.

"हे काय चाललंय?" सर माझ्या कानाशी कुजबुजले.

"गाऱ्हाणं, सर. तुम्हीच बोलावलंत."

सर उभे राहिले. देवाचं काम म्हटल्यावर चपला काढून त्यांनी हातही जोडले. माणूस तसा वाईट नव्हता.

"बा देवा रवळनाथा म्हाराजा!" काकांनी खडा आवाज लावला. "आज ही तुझी लेकरा तुझ्या पुढ्यात हुभी आसत. तेंचा गोड मानून घे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी होडयेन दर्यात जातत, तेंका सुखरूप घराक हाड म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता सरांचाही आवाज मिसळला. तो ठेकाच असा, की तोंड आपोआप उघडतं.

"ह्या म्हाताऱ्या पंपान सगळ्यांचो जीव खाल्ल्यान. नवो बसवची बुद्धी कंपनीक दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सर डोळे मिटून म्हणाले.

काका जरा थांबले. "आणि ही आमची संजना. पाणी नव्हता तेव्हा टँकरवाल्याच्या दारात उपाशी बसान रवली. तिका कोणी हंयसून हलवूक बघीत असात, तर तेचा मन फिरव, आणि तिका आमच्यातच ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज सरांचा होता.

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ही माणसं एरवी लिफ्टच्या बल्बवरून माझा उद्धार करतात. सरांनी डोळे उघडले, तोंडही उघडंच राहिलं.

"मी आत्ता कशाला होय म्हणालो?"

"मला इथंच ठेवायला," मी म्हणाले. "पटत नसेल तर आत्ताच सांगा, सर. नारळ अजून फुटलेला नाही."

काका नारळ हातात धरून उभे होते. सगळी बिल्डिंग सरांकडे बघत होती. सरांनी कोरी फाईल मिटून काखेत मारली.

"फोडा, काका," ते म्हणाले.