घोट्याएवढं भूत

त्या रविवारी स्वरूपाच्या अंगणात एवढी माणसं जमली होती की कुरुळीतल्या एखाद्या लग्नालाही जमू नयेत. रात्रपाळी उतरून आलेली पोरं डबे काखेत धरूनच कुंपणाच्या भिंतीवर बसली होती. बाया लेकरांना कडेवर घेऊन दारापाशी रेटारेटी करत होत्या. एकानं तर फाटकाजवळ भेळेची गाडी लावली होती आणि धंदा झकास चालला होता. दुसऱ्याचं घर बुडताना बघायला कोण येत नाही हो?

सगळ्यांचे डोळे मागच्या खोलीकडे लागले होते. अंगणापेक्षा दोन पायऱ्या खोल असलेली ती जुनी खोली. तिथं ज्योतीराम महाराज उभे होते. मोहमाया केव्हाच सोडलेला माणूस, पण मनगटावरचं घड्याळ दर मिनिटाला मेसेज आल्याचं टुंग वाजवत होतं.

"खिडक्या बंद! पंखा बंद!" महाराज गरजले. "वारा फिरला तर आत्म्याचा निरोप कळत नाही!"

त्यांनी पेटतं निरंजन जमिनीवर ठेवलं. ज्योत थरथरली, आखडली आणि विझली. पुन्हा पेटवलं, पुन्हा ठेवलं, पुन्हा विझली. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"इझला! इझला!" अंगणात कालवा उठला.

"रविराजला मान्य नाही," महाराजांनी डोळे मिटून निकाल दिला. "बघा, कलशालासुद्धा घाम फुटलाय. तळमळतोय तो. त्याचं घर रक्ताच्या माणसाशिवाय कुणी घ्यायचं नाही!"

कोपऱ्यात लाल कापडानं तोंड बांधलेली पितळी घागर होती. तिच्या अंगावरून खरंच पाण्याचे ओघळ वाहत होते.

दारात उभ्या असलेल्या स्वरूपानं पदराचं टोक दातात धरलं. रविराज तिचा नवरा. कंपनीनं कामावरून कमी केलं, मन आजारी पडलं, औषधं चालू होती तरी दोन वर्षांपूर्वी याच खोलीत त्यानं स्वतःला संपवलं. ही गोष्ट तिनं एकाही गिऱ्हाइकापासून लपवली नव्हती. एजंट म्हणाला होता, "कशाला सांगता ताई, रंग मारला की कुणाला कळतंय?" तिनं त्यालाच बाहेर काढलं होतं. पुढं कुणी तोंडावर येऊन फसवलं म्हणालं असतं तर तिला ते सोसलं नसतं.

घर विकणं तिला भागच होतं. तिची नोकरी संत तुकाराम नगरात, एका दवाखान्यात रिसेप्शनला. सकाळी ती निघायची ते दिवे लागल्यावर परतायची. आठ वर्षांची पिंकी तोवर शेजारणींच्या ओट्यावर. आणि शाळेत पोरं पिंकीला काय म्हणत? 'भूतघरातली'. दवाखान्याजवळ एक छोटा फ्लॅट तिनं बघून ठेवला होता. मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार होता आणि दसरा आठवड्यावर आला होता.

या भागात घर घेणारा इसार देण्याआधी त्या घरात दिवा लावून बघतो. दिवा स्थिर राहिला की नारळ द्यायचा, बोलणं पक्कं. साधी, चांगली रीत. पण स्वरूपाच्या घरात आधीच्या दोन गिऱ्हाइकांचा दिवा असाच विझला होता आणि माणसं चपला हातात घेऊन पळाली होती.

लोकांचं जाऊ द्या. खरं नुकसान झालं होतं ते स्वरूपाचं. भूतबीत मानणारी ती नव्हती, पण डोळ्यांदेखत दिवा विझतो तेव्हा माणूस काय करणार? दोन महिने ती रोज संध्याकाळी त्या खोलीच्या पायरीवर बसून नवऱ्याची माफी मागत होती. माझं काय चुकलं रे? मी घर विकते म्हणून रागावलास का? एवढंच विचारत रडायची. मग डोळे पुसून पिंकीला जेवायला वाढायची.

या सगळ्यात तिला एकच आधार होता, तिचा दीर गोरक्ष. त्याला बहीण नाही आणि तिला भाऊ नाही, म्हणून भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची. रविराज गेल्यानंतरच्या दिवाळीला बायका कुजबुजल्या, विधवेनं ओवाळायचं नसतं. गोरक्ष पाटावरून उठलाच नाही. "मला माजी वैनीच ववाळनार. कुनाला बघवत नसंल त्यानं घरी जावा," म्हणाला होता. त्या एका वाक्यावर स्वरूपानं त्याच्यावर जन्माचा विश्वास टाकला. घर काढायचं ठरलं तेव्हा तिनं आधी त्यालाच विचारलं होतं, भाऊजी, तुम्ही घेता का? त्यानं डोळ्यांना रुमाल लावला होता. "न्हाई वैनी. दादा गेला त्या खोलीत माजं पाऊल पडायचं न्हाई."

मग त्यानंच महाराज शोधून आणले. फुलांचा थर्माकोलचा खोकाही दर वेळी तोच आणायचा. आणि दुसरं गिऱ्हाईक पळाल्यावर खाली मान घालून म्हणाला होता, "आता कुनीच घ्यायचं न्हाई वैनी. मीच घेतो, निम्म्या किमतीत. माजी पन ऐपत तेवढीच हाय."

आजचं तिसरं गिऱ्हाईक होतं निघोज्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सोनल मॅडम. सोबत त्यांच्या सासूबाई सगुणाबाई, नऊवारी नेसलेल्या, हातात इसाराचा नारळ.

"माजा न्हाई इस्वास बसत," म्हणत सगुणाबाई पायऱ्या उतरल्या आणि निरंजन उचलायला खाली वाकल्या. तशा दचकून उभ्या राहिल्या, छातीवर हात. "आगं बया! कुनीतरी गळा दाबला गं माजा!"

मग काय विचारता! अंगणात किंकाळ्या फुटल्या. भिंतीवरचा एकजण धपकन खाली पडला. भेळवाल्यानंही हात जोडले, एक हात कांद्यानं भरलेला.

सोनल मॅडमनी सासूबाईंना पायरीवर बसवलं, पाणी दिलं. मग निरंजन घेतलं आणि पेटवलं.

"महाराज, जरा मीही बघू का?"

"पोरखेळ नाही हा!"

"हो ना, म्हणूनच नीट बघते."

त्यांनी निरंजन कमरेपाशी धरलं. जळत होतं. गुडघ्यापाशी नेलं. जळत होतं. हळूहळू घोट्यापर्यंत खाली नेलं, तशी ज्योत पटकन मिटली. पुन्हा पेटवून तेच केलं. बरोबर घोट्यापाशीच विझली.

"स्वरूपाताई," त्या वळल्या, "तुमचे मिस्टर उंचीला कसे होते?"

"चांगले उंच होते. दारातून वाकून यायचे."

"मग महाराज, त्यांचं भूत घोट्याएवढंच कसं?"

भिंतीवरून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराजांनी शेंडीला गाठ मारली. "आत्मा पाताळगामी असतो! तरंगरूपानं भूमीला धरून वाहतो! तुमच्या पुस्तकात नसणार ते!"

"आहे की. सातवीच्या पुस्तकात आहे," मॅडम म्हणाल्या. "हवेपेक्षा जड वायू जमिनीलगत साठतो. खोली दोन पायऱ्या खाली, खिडक्या बंद, पंखा बंद. जाणार कुठं? घरगुती गॅस असता तर भडका उडाला असता. हा विझवणारा वायू आहे, सोड्याच्या बाटलीत असतो तो. आई, तुम्ही त्यात तोंड घातलंत म्हणून घुसमटलात. कुणी गळाबिळा दाबला नाही. पण तो येतोय कुठून, ते कळेना."

मॅडमना कळेना. स्वरूपाला मात्र कळलं.

तिची नजर त्या घामेजलेल्या घागरीवर गेली. असं ओलं झालेलं भांडं तिनं आधी पाहिलं होतं. पिंकीचा सहावा वाढदिवस होता. गोरक्षच्या कंपनीत रबराचे साचे साफ करायला कोरडा बर्फ, म्हणजे सोड्यातलाच वायू गोठवलेला, वापरतात, तो त्यानं थर्माकोलच्या खोक्यातून आणला होता आणि पातेल्यात पाणी ओतून पोरांना ढग करून दाखवले होते. जाड हातमोजे घालून सांगत होता, "हात न्हाई लावायचा, भाजतंय!" पातेलं बाहेरून असंच निथळत होतं.

तिनं दिराकडे पाहिलं. गोरक्ष थर्माकोलच्या खोक्याजवळ उभा होता. एवढ्या मोठ्या खोक्यातून निघाली होती ओंजळभर झेंडूची फुलं. आणि फुलं आणणाऱ्याच्या खिशातून कंपनीच्या हातमोज्याची बोटं बाहेर डोकावत होती.

नको, हे नसू दे, असं ती मनात म्हणत राहिली आणि पाय मात्र न्हाणीकडे चालले. बंबातलं गरम पाणी तिनं तांब्यात घेतलं.

"वैनी, कलशाला शिवू नगा! कोप हुईल!" गोरक्ष ओरडला.

तिनं लाल कापड ओढून काढलं आणि तांब्या घागरीत उपडा केला.

भस्सकन आवाज झाला. घागरीतून पांढरेशुभ्र ढग उसळले, काठावरून ओसंडले आणि जमिनीवरून सरपटत सगळ्या खोलीभर पसरले. मॅडमनी पुन्हा पेटवून खालच्या पायरीवर ठेवलेलं निरंजन त्यात बुडालं आणि विझलं.

तेवढ्यात दारातून टाळ्यांचा आवाज आला.

"काकांचा ढग! आई, काकांनी परत ढग आणला!" पिंकी आनंदानं उड्या मारत होती.

त्या लेकराला काय ठाऊक, तिनं काय उघडं पाडलं ते. स्वरूपानं तिला उचलून बाहेर शेजारणीकडे दिलं, खिडक्या धाडधाड उघडल्या, पंखा लावला. महाराज गर्दीतून सटकायला बघत होते, तर पोरांनी फाटकालाच कडी घातली. "महाराज, थांबा की! आता तुम्हाला घाम फुटला!"

"वैनी, माजं ऐका," गोरक्ष पुढं आला. "आमच्या बापानं बांधलेलं घर हाय हे. भाईरच्याच्या हातात जानार हुतं."

"मी तुम्हाला पहिल्यांदा विचारलं होतं ना, भाऊजी? तुम्ही रडलात माझ्यासमोर."

"पुऱ्या किमतीला न्हाई जमत मला."

"मग तसं बोलायचं. माझ्या घासातलं काढून मी कमी केलं असतं." तिचा आवाज फाटला. "तुम्ही माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या तोंडी खोटं घातलंत. दोन महिने मी या पायरीवर बसून त्याची माफी मागतेय. तुम्ही बघत होतात. मी रडत होते आणि तुम्ही मला पाणी आणून देत होतात!"

गोरक्ष गुडघ्यांवर बसला. "पाया पडतो वैनी. पोलिसात नगा जाऊ. नोकरी जाईल माजी. घरातली गोष्ट घरात राहू द्या."

स्वरूपानं डोळे पुसले. लग्न होऊन आल्यापासून तिनं या माणसाला कधी नावानं हाक मारली नव्हती.

"गोरक्ष," ती म्हणाली, "घरातली गोष्ट तू अंगणात आणलीस. सगळा गाव बोलावून आणलीस. आता ती तिथंच मिटेल."

पोलिसांना फोन तिनंच लावला. जादूटोण्याविरुद्ध आपल्या राज्यात कायदा आहे आणि तो कागदावरच ठेवण्यासाठी केलेला नाही.

पोलीस येईपर्यंत तिनं एक काम केलं. दारातल्या सगळ्यांना आत बोलावलं. लोक कचरत होते, पण आले. पंखा थांबवून तिनं निरंजन पेटवलं आणि खोलीच्या मधोमध, जमिनीवर ठेवलं. ज्योत हलली आणि सरळ उभी राहिली.

"माझा नवरा आजारी होता," स्वरूपा म्हणाली. "ताप यावा तसा मनाचा आजार. आपण सगळे त्याला वेळेवर ओळखायला कमी पडलो, एवढंच या खोलीत घडलंय. तो कुणाचा दिवा विझवत नाही, गळा दाबत नाही. माझ्या पोरीला भूतघरातली म्हणू नका. आणि उद्या तुमच्या घरात कुणी असा दिवा विझवून दाखवला, तर रडण्याआधी खिडकी उघडा. मग बघा, तो विझून कुणाचा फायदा होतोय. मी बघितलं नाही, कारण माणूस आपला होता."

भिंतीवर बसणारी पोरं मान खाली घालून उभी होती. भेळवाला गाडी आवरायला लागला.

सगुणाबाई पायरीवरून उठल्या. हळूच वाकून त्यांनी जमिनीवर हात टेकला, श्वास घेतला आणि पुन्हा एकदा घेतला. "काय न्हाई हुत," स्वतःशीच पुटपुटल्या. मग सुनेकडे बघून म्हणाल्या, "सोनल, मला तर ही खोली गार लागती. उन्हाळ्याला बरी हाय. देऊ का नारळ?"

"द्या की आई."

स्वरूपानं दोन्ही हातांनी नारळ घेतला. तो तिनं छातीशी घट्ट धरला.

गर्दी पांगली. फाटकाशी महाराजांच्या पाठोपाठ गोरक्ष पोलिसांच्या गाडीत चढत होता. चढता चढता त्यानं मागं वळून पाहिलं. भाऊबीज महिन्यावर आली होती आणि ते दोघांनाही आठवलं. स्वरूपा वळली आणि मागच्या खोलीत गेली.

दिवा अजून जळत होता. ती रोजच्या पायरीवर बसली. आज माफी मागायची नव्हती.

"तू रागावला नव्हतास तर," ती म्हणाली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा नुसतं नवऱ्यासाठी रडली.