घरात माणसं: दोन

इस्त्री बंद केली की नाही, एवढ्या एका शंकेपायी मी कितीदा तरी अर्ध्या जिन्यातून परत आले होते. बाळ झाल्यापासून हे फारच वाढलं. म्हणून घरातल्या वस्तू फोनवरून चालवायचं ठरलं, तेव्हा नवऱ्यानं फोनवरून चालू-बंद होणाऱ्या प्लगांचा सगळा खोका माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, तुझ्या काळजीला आता नोकरी लागली.

सासरे पलंगावरून बघत होते. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी कारखान्यात वायरमन म्हणून काढलेली. आता फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन देणारं, दिवसभर घरघरणारं यंत्र. त्याच्यावाचून ते न्हाणीघरापर्यंत जेमतेम जाऊन येत.

"तार असली तर ओढून तरी बघता येते," ते म्हणाले. "हे तुझं बिनतारी कुठं ओढून बघायचं?"

घरात माणसं किती, असं ॲपनं विचारलं. मी माझा आणि नवऱ्याचा फोन जोडला. अप्पांचा बटणांचा जुना फोन काही त्यात बसेना. तसं सांगितलं तर म्हणाले, "मग मी घरात नाही असं धर. जेवायला तेवढं वाढ." तिघंही हसलो.

मग मी एक नियम लावला. दोन्ही फोन घरापासून लांब गेले की दहा मिनिटांनी सगळी उपकरणं बंद. मला तेव्हा इस्त्री आणि गिझरच डोळ्यांसमोर होते.

बाळाला निजवताना दार लावून घेतलं की यंत्राची घरघर ऐकू येत नसे. तो नवा घोर. म्हणून आठवड्यानं एक प्लग अप्पांच्या यंत्रालाही लावला, कपाटामागच्या सॉकेटमध्ये. यंत्र चालू आहे हे फोनवर दिसायला लागलं. पिनेत पिन घातलेली बघून अप्पांनी तोंड वाकडं केलं, पण माझं मन राखलं. नव्या प्लगला जुना नियम आपोआप लागू झाला. नियमात 'सगळी' लिहिलं होतं. मीच लिहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात बाळाची लस होती. एरवी आम्हा दोघांपैकी कुणीतरी घरात असेच, पण बाळ सुईला घाबरतं म्हणून नवराही आला. तासाभराचं काम, जा बिनघोर, असं अप्पाच म्हणाले.

दवाखान्यात आमचा नंबर यायचा होता. फोनवर निरोप आला: घर रिकामं आहे, सगळी उपकरणं बंद केली. मी तो नवऱ्याला दाखवला. आज इस्त्रीची चिंता नाही, म्हटलं. मला खरंच बरं वाटलं होतं.

सुई टोचली, बाळ रडलं, मी त्याला खांद्यावर घेऊन फेऱ्या घालत राहिले. रडून रडून ते शांत झालं आणि हुंदक्यांनी श्वास घ्यायला लागलं. तेव्हा 'रिकामं' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला.

फोनवरून प्लग चालू करायला गेले. उपकरण सापडत नाही, असं आलं. बाळ नवऱ्याच्या हातात कोंबून मी धावत सुटले.

अप्पा जमिनीवर होते, कपाटाशी. ओठ काळेनिळे. वायरमनच ते, दोष कुठं आहे ते त्यांना बरोबर कळलं होतं. तो प्लग उपसून त्यांनी मुठीत धरला होता. यंत्राची पिन सॉकेटपासून वीतभर लांब पडलेली. मी ती सरळ भिंतीत खुपसली. यंत्र घरघरलं. नवरा बाळाला घेऊन पोचला तेव्हा सगळं चालूच होतं.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्कच्या आतून मुलाला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, "पिन सैल वाटली... मीच काढली." मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. चौथ्या दिवशी ते गेले.

येईल त्याला नवरा तेच सांगायचा. जन्मभर वायरी उचकटल्या, शेवटीही हात स्वस्थ बसले नाहीत. ऐकणारे मान हलवायचे, कुणी ओलं हसायचंही. मी पाणी देत फिरायचे.

थंडी पडली. मी कामावर जाणार होते, बाळाला सांभाळायला बाई ठरली होती. एका दुपारी बाळाच्या खोलीत नवरा हीटरपाशी वाकलेला दिसला. हातात तोच प्लग. चांगली वस्तू आहे, पडून कशाला राहायची, असं त्याचं म्हणणं. नियमबियम सगळे तसेच ठेवले होते. ठरलेल्या बाईचाही फोन बटणांचाच होता. पडद्यावर अजून तेच होतं: घरात माणसं दोन. बाळ चटईवर बसून खोक्याचा पुठ्ठा चावत होतं.

"तो काढ," मी म्हणाले.

"प्लगचा काय दोष? अप्पांनीच तर..."

"त्यांनी काढला तेव्हा तो आधीच बंद झाला होता."

तो वाकलेलाच राहिला. "कुणी केला बंद?"

मी नियम उघडून फोन त्याच्या हातात दिला. त्यानं तो वाचला. मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. फोन जमिनीवर ठेवला, बाळाला उचललं, आणि अप्पांच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

मी दाराला कान लावला. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.