तिसऱ्या मजल्यावरचा रणगाडा

पंक्चरवाल्याने खून पाहिला तो दुपारी सव्वातीन वाजता, स्वतःच्या दुकानाच्या दारातून, दहा पावलांवरून.

मेलेला माणूस ट्रक ड्रायव्हर होता. मागचं चाक बदलायला थांबला होता. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे शोधत होता, तेवढ्यात एक गाडी कचकन थांबली आणि खडीच्या ठेकेदाराचे दोन मुलगे उतरले. ड्रायव्हरने त्यांचं काम सोडून दुसऱ्याकडे ट्रक लावला होता, भांडण एवढंच. थोरल्याने काहीतरी विचारलं, ड्रायव्हरने फटकन उत्तर दिलं, आणि धाकट्याने जमिनीवरचा चाकाचा पाना उचलला. पाना पंक्चरवाल्याचा होता.

पहिला फटका गुडघ्यावर बसला. दुसरा जबड्यावर. मग ड्रायव्हरने दोन्ही हात डोक्यावर धरले आणि फटके हातांवर पडत राहिले, ते हात खाली येईपर्यंत. थोरला गाडीला टेकून उभा होता. "डोक्यात घाल," तो म्हणाला, कुणाला चहात साखर घाल म्हणावं तसा.

"मिस्त्री!" ड्रायव्हरने हाक मारली. तोंडात रक्त असल्याने शब्द नीट फुटला नाही, पण हाक कळली.

मिस्त्रीने शटर खाली ओढलं आणि टायरच्या थप्पीमागे बसला. बाहेरचे आवाज थांबेपर्यंत तिथेच बसला.

पोलिसांना त्याने पहिल्या दिवशी काहीच सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आपण होऊन ठाण्यात गेला आणि सगळं सांगितलं. बायकोने विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितली होती नसती उठाठेव?" तर म्हणाला, "त्याने मला हाक मारली होती गं."

दोन्ही मुलगे आत गेले. तिसऱ्या दिवशी पंक्चरवाल्याच्या मेहुण्याला बाजारातून उचलून एका टेम्पोत घातलं, त्याचा हात दाराच्या फटीत धरला आणि दार दोनदा लावलं. "दाजीला नमस्कार सांग," असं सांगून सोडून दिलं. त्याच संध्याकाळी पोलिसांनी पंक्चरवाल्याची बायको आणि मुली लांबच्या मावशीकडे धाडल्या आणि त्याला शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवलं. साक्ष पाच आठवड्यांनी होती.

खोलीत एक खाट, एक टेबल, गॅसची शेगडी. खिडकी उघडायची नाही. रात्री एक शिपाई असायचा, तो आल्या आल्या घोरायला लागायचा. दिवसा असायचा एक हवालदार, निवृत्तीला आठ महिने राहिलेला, पोट असं की पट्ट्याचं बक्कल त्याला स्वतःलाच दिसत नसे.

"साहेब, किती दिवस असं बसायचं?" पंक्चरवाल्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"साहेब ठाण्यात बसलाय. मला काका म्हण. आणि बसायचं म्हणशील तर माझी एकतीस वर्षं झाली बसून."

चौथ्या दिवशी पंक्चरवाला भिंतीवर डोकं आपटायला लागला. सावकाश, एका लयीत. हवालदाराने त्याला खांद्याला धरून खाली बसवलं, कपाळाचं रक्त पुसलं. दुसऱ्या दिवशी येताना काखेत एक खोका घेऊन आला. एका कोपऱ्यावरचं खेळण्यांचं जुनं दुकान बंद होणार होतं आणि पडून राहिलेला माल निम्म्या भावात काढला होता. खोक्यावरचं चित्र उन्हाने निळसर पडलेलं: धुरळ्यातून येणारा रणगाडा.

"हे काय, काका? मी काय लहान आहे?"

"डोकं आपटण्यापेक्षा बरं. हातांना काम दे."

आत हिरव्या प्लॅस्टिकच्या चौकटी होत्या, त्यांना इवलेइवले भाग फळांसारखे लटकलेले. माहितीचा कागद घडीवर फाटला होता. चिकटवायच्या नक्षीचा कागद पिवळा पडला होता. पूर्ण झाला तर रणगाडा तळहातात मावणार होता.

पंक्चरवाल्याने पहिलं चाक पिरगाळून तोडलं, तर चाकाचा लचकाच निघाला. मग हवालदाराने खिशातून नेलकटर काढून दिलं. गोंदाची तर वेगळीच गंमत. पंक्चरच्या धंद्यात सोल्युशन लावतात, फुंकर मारतात, ते सुकून चिकट झालं की मगच पॅच दाबतात. पंधरा वर्षांची सवय. त्याने रणगाड्याच्या तळाला गोंद लावला, निवांत फुंकर मारली, बाजू दाबली. बाजू गळून पडली. पुन्हा लावला, पुन्हा फुंकर, पुन्हा गळली.

"अरे बाबा, हा गोंद प्लॅस्टिक विरघळवतो," हवालदार कागद डोळ्यांजवळ धरून म्हणाला. "ओला असतानाच जोडायचं. वाट बघितलीस की गेलं."

मग घाई केली, तर गोंद सांडून छपरावर अंगठ्याचा ठसा उमटला तो कायमचा. हवालदार पोट धरून हसला. "आता कुठे पळशील? हत्यारावर ठसा सापडला!"

पट्टे मात्र पंक्चरवाल्याने एका बैठकीत बसवले. रबर इतक्या वर्षांनी ताठर झालेलं, ते त्याने कोमट पाण्यात टाकलं, चोळलं, आणि तापवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने टोकं अशी जोडली की सांधा दिसेना. "हे जमतं बघ तुला," हवालदार म्हणाला. त्या दिवशी पंक्चरवाला जेवला पोटभर.

पहिला रणगाडा वाकडा झाला. सहापैकी दोन चाकं हवेत. हवालदाराने दुसरा खोका आणला, मग तिसरा. त्यालाही नाद लागला होता. तो रंग द्यायचा, जीभ दातांत धरून, आणि ओठ न हलवता गोष्टी सांगायचा. पंक्चरवाल्याने एकदा विचारलं, "काका, तुम्ही कुणाला मारलंय?"

ब्रश थांबला. "कोठडीत. एकाला. तरुण होतो. तो चोर नव्हताच, हे नंतर कळलं." मग पुन्हा रंग देत म्हणाला, "त्याचा एक कान गेला. माझ्या घरी हे कुणाला माहीत नाही."

हवालदार त्या दुकानात गणवेशातच जायचा. दर दोन-तीन दिवसांनी खेळणी घेणारा म्हातारा पोलीस. दुकानदार गिऱ्हाइकांना हसत सांगायचा. ते सांगणं ठेकेदाराच्या माणसांच्या कानावर गेलं. त्याच्या मागावर राहून इमारत शोधायला त्यांना चार आठवडे लागले, पण सापडली.

साक्षीला सहा दिवस उरले होते. दुपारचे दोन वाजले असतील. चौथ्या रणगाड्याची तोफ खोक्यात दबून वाकडी झाली होती. ती सरळ करायला पंक्चरवाल्याने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं होतं. हवालदार हिरवा रंग आणायला गेला होता. जिन्यावर त्याची ओळखीची धाप ऐकू आली, मग मध्येच आणखी पावलं, आणि मग हवालदाराचा आवाज, कधी न ऐकलेला:

"कडी लाव! आतून कडी लाव!"

पंक्चरवाल्याने कडी लावली.

दाराबाहेर काहीतरी जड आदळलं. लोखंडाचा आवाज भिंतीवर, मग लोखंडाचा आवाज भिंतीवर नसलेला. "कडी काढू नको रे," हवालदार म्हणाला, आता हळू. मग त्याच्या तोंडून शब्द यायचे थांबले आणि नुसता हुंकार यायला लागला, प्रत्येक फटक्याला एक.  पंक्चरवाला दाराला पाठ लावून खाली बसला. पाठीला प्रत्येक धक्का कळत होता. असे पाच धक्के त्याने खाल्ले. मग उठला, पातेलं उचललं आणि कडी काढली.

समोरच सुरा घेतलेला माणूस होता. उकळतं पाणी त्याच्या तोंडावर आणि गळ्यावर गेलं. तो किंचाळला, दोन्ही हातांनी तोंड धरून आंधळ्यासारखा भिंती चाचपत पायऱ्यांवरून गडगडत गेला. दुसऱ्याच्या हातात गज होता. गज पंक्चरवाल्याच्या खांद्यावर बसला आणि हाड मोडल्याचं त्याला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. डावा हात लोंबायला लागला. उजव्या हाताने त्याने खिशातली पात्याची छोटी सुरी ओढली, प्लॅस्टिक तासायची. ती त्याने त्या माणसाच्या गालात खुपसली. पातं कागदासारखं पातळ. ते आत मोडलं. दोघं एकमेकांना धरून एक मजला खाली आपटत गेले. वळणावर त्या माणसाचं डोकं पायरीच्या कडेवर आपटलं आणि गज सुटला.

गज पंक्चरवाल्याच्या हातात आला.

पहिला फटका त्याने जीव वाचवायला मारला. दुसराही, म्हणा. त्यापुढचे कशासाठी मारले ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही. खालचा माणूस हात वर धरून "बस, बस" म्हणत होता, मग म्हणायचा थांबला. जबडा एका बाजूला सरकला. पंक्चरवाला मारतच होता. त्याला एकीकडे कळत होतं की हा आवाज आपण ओळखतो, फक्त या वेळी आपण त्याच्या दुसऱ्या बाजूला आहोत. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याने मागून कमरेला मिठी मारून त्याला ओढलं, तेव्हा तो शिंप्यावरही धावून गेला.

वर हवालदार दाराशी पडला होता. पोटातला सुऱ्याचा घाव त्याने टोपीने दाबून धरला होता. रंगाची डबी फुटून हिरवं आणि लाल एकत्र वाहत होतं.

"कडी काढलीसच," तो म्हणाला. "गाढवा."

हवालदार जगला. आतड्याचा एक भाग कापून काढावा लागला आणि गजाने मणका असा मोडला होता की कमरेखाली जाणीवच उरली नाही. भाजलेला माणूसही जगला. जबडा फुटलेलाही. दोघांनीही शेवटपर्यंत ठेकेदाराचं नाव घेतलं नाही.

पंक्चरवाला साक्षीला गेला तो हात गळ्यात बांधून. ठेकेदाराचा वकील गोड बोलायचा.

"त्या खोलीत दिवसभर काय करत होतात?"

"रणगाडे बनवत होतो. प्लॅस्टिकचे."

मागच्या बाकांवर हशा पिकला. वकीलही हसला. "म्हणजे खेळत होतात."

"शिकत होतो."

"आणि जिन्यातल्या माणसाचा जबडा? तोही शिकतानाच फोडलात?"

"मीच फोडला."

"किती फटके मारलेत?"

"मोजले नाहीत."

"पाहा, न्यायाधीश महाराज! स्वतः मारलेले फटके यांना आठवत नाहीत. मग ड्रायव्हरला कुणी किती मारले हे मात्र पक्कं आठवतं?"

"हो. अकरा," पंक्चरवाला म्हणाला. "त्यातले सात मी डोळ्यांनी पाहिले, धाकट्याने मारलेले. चार शटरमागे ऐकले. तिथे बसून मला दुसरं काही करता आलं नाही, म्हणून मोजले."

यावर कुणी हसलं नाही. वकील कागद चाळत बसला. डॉक्टरांच्या अहवालातही घाव अकराच होते.

धाकट्याला जन्मठेप झाली. थोरल्याला सात वर्षं. ठेकेदार कोर्टातून बाहेर पडला, गाडीत बसला आणि कामावर गेला.

पंक्चरवाल्याने ते दुकान विकलं. बायकोने ताकीद दिली होती की त्या रस्त्यावर पाय ठेवलात तर मी मुलींना घेऊन मावशीकडेच राहीन. त्याने दुसऱ्या भागात, हवालदाराच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून, छोटी टपरी घातली. पहिल्या रविवारी तो हवालदाराकडे गेला. हवालदाराच्या बायकोने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि थोबाडीत मारली. अंगठीने गाल फाटला.

"आठ महिने राहिले होते," ती म्हणाली. "आठ! रंग आणायला गेले होते तुमच्यासाठी. खेळण्यांना द्यायला रंग!"

दार आपटलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला. दार उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही रविवारी नाही. आतून हवालदाराची हाक यायची, "कोण आहे गं?" आणि ती म्हणायची, "कुणी नाही." दहा-बारा रविवार असे गेले. पंक्चरवाला उंबऱ्याशी पाच मिनिटं थांबायचा आणि परत फिरायचा.

एका रविवारी दार आधीच उघडं होतं. आतून धडपडण्याचा आवाज येत होता. ती नवऱ्याला आंघोळीला नेत होती. तो न्हाणीच्या दारात निसटून खाली घसरला होता आणि तिला पेलत नव्हता. दोघंही भिजलेले, दोघंही रडकुंडीला आलेले. पंक्चरवाला न विचारता आत गेला. खांद्याचं हाड अजून ओझ्याला कुरकुरत होतं, तरी त्याने काखेत हात घालून हवालदाराला उचललं आणि स्टुलावर बसवलं. पोट सगळं गेलं होतं. पाठीवर, पडून राहून झालेल्या शय्याव्रणाचं भोक पडलं होतं, पैशाएवढं, कडा काळ्या.

"वजन उतरलंय माझं," हवालदार म्हणाला. "बक्कल दिसतं आता. पट्टा नाही, ही वेगळी गोष्ट."

पंक्चरवाल्याला हसू आलं. त्याने तांब्या घेतला आणि पाठीवर पाणी सोडलं, जखम चुकवत. मेलेल्या पायांच्या बोटांमधूनही साबण फिरवला. 

"काका, मी त्या माणसाला उगाच मारलं. शेवटचे फटके."

"माहीत आहे. मी आवाज ऐकत होतो वरून." हवालदाराने डोळे मिटले. "डोक्यावर घाल जरा."

तो पाणी घालत राहिला. न्हाणीच्या दारात हवालदाराची बायको टॉवेल घेऊन उभी होती. त्याच्या गालावरच्या बारीक व्रणाकडे तिने एकदा पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. टॉवेल त्याच्या हातात दिला, नवऱ्याच्या नाही.

"बुधवारीही लागते आंघोळ," ती म्हणाली. "सातच्या आत या. पाणी जातं नंतर."