हिरव्या दिव्यातली सायकल

सन दोन हजार सहा. त्या साली दिग्रसच्या मोठ्या रस्त्यावर मी मरता मरता वाचले, मित्रांनो. मी एक जुनी लेडीज सायकल आहे. रंग मूळचा निळा, आता ओळखू येत नाही. घंटी मात्र अजून वाजते.

मला लुधियानाच्या कारखान्यात घडवलं, पण माझं खरं माहेर हाफिजभाईंचं पंक्चरचं दुकान. कुणीतरी मोडीत टाकलेल्या मला त्यांनी उचलून आणलं, पुढच्या चाकाचा वाकलेला चिमटा सरळ केला, नवी चेन चढवली आणि आपल्या बायकोच्या, रशीदाच्या हाती दिलं. रशीदा गाद्या-रजया भरायची. तिच्या रजया माझ्या कॅरियरवर बसून गावभर फिरल्या. हाफिजभाई दर शुक्रवारी मला पुसायचे, तेल द्यायचे. सरकी काढायच्या जिनिंग कारखान्यात कापूस वाहणारे देवसिंगकाका दुकानाजवळ बैलगाडी थांबवून चिडवायचे, "हाफिजभाई, तुमची सायकल हवेवर नाई, घंटीवर चालते!" मला ते कौतुकच वाटायचं.

मग त्यांची जेबा आठवीत गेली. रशीदानं माझी सीट खाली केली आणि मला लेकीच्या स्वाधीन केलं. आठवीची शाळा रस्त्यापलीकडे होती. तिथून माझ्या भीतीला सुरुवात झाली.

सायकलीला कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. मित्रांनो, कापसाचे ते दिवस वाईट होते. आजचा भाव उद्या राहील का, या धास्तीनं जो तो जिनिंगच्या फाटकाकडे धावायचा. ट्रक धावत, ट्रॅक्टर धावत, बैलसुद्धा तोंडाला फेस येईस्तोवर धावत. माणसांची भीती चाकांत उतरली होती, आणि भ्यालेलं चाक कुणासाठी थांबत नाही. कडेला उभी राहिले की माझ्या चाकांच्या तारा थरथरायच्या. हाफिजभाई रोज माझं हँडल धरून जेबाला पलीकडे पोचवायचे. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या मुठीला लागायचा.

एके दिवशी ट्रकचा वारा लागून जेबाची ओढणी उडाली आणि चाकाखाली गेली. त्या संध्याकाळी हाफिजभाई जेवले नाहीत.

"दिवाळीनंतर शाळा बंद," ते म्हणाले. "मले लेकरू पाह्यजे, शाळा नाई पाह्यजे."

"अब्बा, मी हळू जाईन ना!"

"तू हळू जाशीन, बेटा. ट्रकवाला जाईन काय?"

रशीदा दुसऱ्या दिवशी नगरसेविका इंदुताईंकडे गेली. इंदुताई बोलायला फटकळ, पण कामाच्या पक्क्या. त्यांनी खेटे घालून रस्त्याच्या खात्यातल्या मोठ्या साहेबांना कबूल करवलं. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना रस्ता ओलांडायला दिवे बसवायचे. लाल लागला की गाड्या थांबतील, हिरवा लागला की आपण जायचं. मात्र आधी साहेब स्वतः येऊन शाळेच्या वेळी रहदारी पाहणार होते. इंदुताईंनी येऊन सांगितलं तेव्हा हाफिजभाई म्हणाले, "दिवा लागला तं शाळा. नाई तं नाई."

आता ऐका आमच्या लोकांनी काय केलं. आमच्याकडे पाहुणा यायचा म्हणजे अंगण झाडायचं, सडा टाकायचा. देवसिंगकाकांनी गाडीवाल्यांना गोळा केलं. "साहेब येऊन राह्यले. गावाची इज्जत राह्यली पाह्यजे. एक बी गाडी रस्त्यावर दिसली नाई पाह्यजे." पहाटेच रस्ता झाडला, पाणी शिंपडलं, इंदुताईंच्या सुनेनं रांगोळी काढली. बैलगाड्या आणि ट्रक जिनिंगच्या आवारात कोंडून फाटक लावलं. बाहेरून आलेले ट्रकही नाक्यावर अडवले. इतक्या प्रेमानं केलेली चूक मी पुन्हा पाहिली नाही.

साहेब आले. पलीकडच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला. कप हाफिजभाईंनी स्वतः नेऊन दिला. साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"इथं तर कुत्रंही धावत नाही, ताई. दिवे कशाला?"

इंदुताईंचा चेहरा उतरला. "साहेब, लोकायनं तुमच्यासाठी रस्ता झाडला हो! रोज असा नसते!"

"मी जे दिसतं तेच लिहिणार," म्हणत साहेब कप हातात घेऊनच जीपकडे वळले.

साहेब निघाले असं पाहून देवसिंगकाकांनी फाटक उघडलं, नाक्यावरच्यांनीही वाट सोडली. त्याच क्षणी, मोकळा रस्ता पाहून जेबा मला हाती धरून निम्म्यावर आली होती. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती अब्बांशिवाय रस्ता ओलांडत होती.

मित्रांनो, तो आवाज मला अजून ऐकू येतो. कोंडलेलं सगळं एकदम सुटलं. फाटकातून कापसाच्या गाठींचे ट्रक, नाक्याकडून ट्रॅक्टर, मधूनच उधळलेले बैल. "अब्बा!" एवढंच जेबा ओरडली. एका ट्रकनं मला तिच्या हातातून हिसकून पाडलं आणि त्याचं मागचं चाक माझ्या पुढच्या चाकावरून गेलं. जेबा रस्त्याच्या मधोमध दप्तर छातीशी धरून उभी राहिली. पुढेही जाता येईना, मागेही येता येईना. मी तिच्या पायाशी पडले होते.

साहेब हात वर करून रस्त्यात उतरले. कुणी थांबलं नाही. ते मागे सरले, पुन्हा उतरले, पुन्हा मागे सरले. हाफिजभाईंना लोकांनी दोन्ही दंडांना धरून ठेवलं होतं.

थांबवलं ते देवसिंगकाकांनी. त्यांनी फाटकाशी जुंपून ठेवलेली आपली गाडी आडवी घातली, रस्त्याच्या बरोबर मधे. बैलांचे डोळे पांढरे झाले होते, काका कासरा धरून ओरडत होते, "हाना माह्यावरून! हाना!" ब्रेक किंचाळले. सगळं थांबलं.

रशीदा धावत आली. एका हाती तिनं लेकीला धरलं, दुसऱ्या हातानं मला उचललं. माझं चाक फिरत नव्हतं. मला फरफटत, थांबत थांबत ती पलीकडे गेली. काकांची गाडी तोवर हलली नाही.

साहेबांच्या शर्टावर चहा सांडला होता. ते रशीदाजवळ आले. मग म्हणाले, "बाई, हिरवा दिवा किती वेळ ठेवू?"

"मी आत्ता आली ना, तेवढा वेळ," रशीदा म्हणाली. "मोडकी सायकल बी पार झाली पाह्यजे."

साहेबांनी तिला पुन्हा एकदा तसंच चालायला लावलं, मोडक्या मला घेऊन, आणि हातातल्या घड्याळाकडे पाहत राहिले. पांढरे पट्टे जेबा उभी होती तिथेच आखले. दिवाळीनंतर दिवे लागले. हिरव्या दिव्यात एक चालणारा माणूस आहे आणि एक सायकल. जेबा म्हणायची ती मीच आहे.

साहेबांची पुढे बदली झाली. इंदुताई पुढची निवडणूक हरल्या आणि हरल्यावरही तितक्याच फटकळ राहिल्या. देवसिंगकाकांनी म्हातारपणी बैल विकले. ते दिव्याखाली बसून लाल दिवा तोडणाऱ्यांना शिव्या देत, अगदी शेवटच्या उन्हाळ्यापर्यंत. हाफिजभाईंची नजर गेली, दुकान बंद झालं. रशीदाचे गुडघे धरलेत, तरी तिला पलीकडे जायला वेळ पुरतो. जेबा शिकली, आता त्याच शाळेत शिकवते.

मी दुकानाच्या मागे गंजत उभी आहे. माझं ते चाक कुणी बदललं नाही. तुमच्या घरी अशी एखादी सायकल असेल, तर तिला तेल द्या. आणि मित्रांनो, रस्ता रिकामा दिसला तरी लाल दिव्याला थांबा. त्या दिवशीही तो रिकामाच दिसत होता.