चाळिसावा झेंडा

मी जुनी शिवणाची मशीन आहे, हे माझ्या चाकाची मूठ पाहिली तरी तुमच्या लक्षात येईल. ही लाकडी मूठ एका बाजूनं झिजली आहे आणि तिथं अंगठ्याएवढा खळगा पडला आहे. मित्रांनो, तो अंगठा नियांकोरो जारा यांचा. आफ्रिकेतल्या कायेस गावात, स्टेशनच्या समोर, कडुनिंबाखाली त्यांचं शिवणाचं दुकान होतं. एकतीस वर्षं त्यांनी मला फिरवलं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात, कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. पेंढा भरलेली पेटी आठवते, आणि डकार बंदरावरचा हमालांचा आरडाओरडा आठवतो. तिथून रेल्वेनं मी कायेसला आले. पेटी उघडली तेव्हा नियांकोरोबाबांनी आधी माझ्या अंगावरची धूळ पुसली, मग स्वतःचे हात पुसले आणि मगच मला हात लावला. एवढ्यावरून मला कळलं की इथं आपलं बरं चालेल.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. ते मापं दोऱ्यात ठेवत. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक सुती दोरा. पहिली गाठ खांद्याची, दुसरी छातीची, तिसरी उंचीची. भिंतीवरच्या खिळ्यांना असे दीडदोनशे दोरे लटकत होते आणि कुठला दोरा कुणाचा, हे बाबा डोळे मिटून सांगत. ईदच्या आधी दुकानासमोर रांग लागे. माझी टीप सरळ येते असं गावभर बोललं जाई. मला ते आवडत असे, खोटं कशाला सांगू?

रोज दुकानात येणारा एक माणूस होता, मामारी त्राओरे. डकारच्या गाडीवरचा गार्ड. आमच्याकडे त्राओरे आणि जारा या दोन कुळांत चेष्टेचं नातं आहे. एकानं वाट्टेल ते बोलावं, दुसऱ्यानं रागवायचं नाही. आणि खरी अडचण आली तर एकानं मागावं आणि दुसऱ्यानं नाही म्हणायचं नाही. त्यामुळे गाडी आली की मामारी दारातूनच ओरडे,

"ए चवळीखाऊ! सकाळपासून किती पातेली संपवली?"

"तुझ्यासाठी तळ ठेवलाय," बाबा मान वर न करता म्हणत. "चाटून घे आणि पातेलं घासून जा. त्राओरेंना आम्ही त्याच कामाला ठेवलंय."

मग दोघं चहा पीत. हे रोजचंच होतं.

आता मी तुम्हाला १९६० सालाची गोष्ट सांगते. त्या वर्षी आमच्या खंडात देश जन्माला येत होते. एक जानेवारीला कॅमेरून झाला. शाळेचे सिदिबे मास्तर वर्तमानपत्र घेऊन दुकानात आले आणि म्हणाले, "बाबा, या कापडाच्या तुकड्यांतून वीतभर झेंडा होईल का? शाळेत दोरी बांधतो. जो देश स्वतंत्र होईल त्याचा झेंडा दोरीवर लावायचा. पोरांना भूगोल कळेल."

"दोरी किती लांब घ्यायची?" बाबांनी विचारलं.

"ते मलाही माहीत नाही," मास्तर म्हणाले.

एप्रिलमध्ये टोगोचा झेंडा शिवला. जूनमध्ये आमचा नंबर आला. आमचा फ्रेंच सुदान आणि शेजारचं सेनेगल यांनी मिळून एकच देश केला होता, माली संघराज्य. वीस जूनला ते स्वतंत्र होणार होतं. गावासाठी चाळीस मोठ्या झेंड्यांचं काम माझ्याकडे आलं. हिरवा, पिवळा, तांबडा असे तीन उभे पट्टे आणि मधल्या पिवळ्यावर दोन्ही हात वर केलेला एक काळा माणूस. पट्टे सोपे होते. तो काळा माणूस मात्र अवघड. त्याच्या कोपरापाशी माझी सुई दरवेळी वळवावी लागे. मास्तरांनी वर्तमानपत्रातला एक फोटो आणून माझ्या वरच्या भिंतीला टाचला. त्यात दोन्हीकडचे दोन नेते एकमेकांचा हात धरून हसत होते.

सोहळ्यासाठी बाबांची मुलगी न्येले थिएसहून आली होती. थिएस सेनेगलमध्ये, तिचा नवरा तिथल्या रेल्वे कारखान्यात कामाला. न्येलेला सातवा महिना होता. परत जाताना ती माझ्या फळीवर हात ठेवून उभी राहिली.

"बाबा, आठव्या दिवशी नाव ठेवायचं. तुम्ही आलात तरच ठेवायचं."

"येतो की. गाडी रोज आहे," बाबा म्हणाले. "आणि पहिला अंगरखा मीच शिवणार. बाजारातला घालशील तर बघ."

"माप?"

"पोर झालं की दोरा पाठव."

मामारीनं तिला आपल्या गाडीतून नेलं. जाताना म्हणाला, "चवळीखाऊंच्या घरात आणखी एक तोंड वाढणार. आता सेनेगलमधली चवळीही महागणार!"

जुलै उजाडेपर्यंत आणखी तीन देशांचे झेंडे दोरीवर चढले. ऑगस्टमध्ये तर माझी सुई थांबलीच नाही. दाहोमे, नायजर, अप्पर व्होल्टा, आयव्हरी कोस्ट, चाड, मध्य आफ्रिका, काँगो, गॅबन. सतरा दिवसांत आठ देश! मास्तर धापा टाकत येत. "बाबा, आणखी एक!" बाबा म्हणत, "मास्तर, जरा दम काढा म्हणावं त्यांना. हिरवं कापड संपलं." हिरवं कापड डकारहून येत असे, मामारीच्या गाडीतून.

वीस ऑगस्टला रेडिओवर बातमी आली. संघराज्य मोडलं. सेनेगल वेगळं झालं. नेत्यांचं बिनसलं होतं. काय आणि कसं, ते मास्तरांनी समजावून सांगितलं, पण बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे गाडी?"

मास्तर पुन्हा रेडिओला कान लावून बसले.

सोमवारी दुपारी एक गाडी आली. डकारहून आमच्या नेत्यांना परत घेऊन आलेली. तीच शेवटची. त्यानंतर रूळ बंद झाले. संध्याकाळी मामारी दुकानात आला. हातात गार्डचा हिरवा झेंडा गुंडाळलेला होता. तो बाकावर बसला आणि त्यानं चवळीचं नावसुद्धा काढलं नाही. त्यावरूनच बाबांना सगळं कळलं.

"न्येलेची काही खबर?" बाबांनी विचारलं.

"गाडी थिएसला थांबू दिली नाही," मामारी म्हणाला. "मी खिडकीतून पाहिलं. फलाटावर शिपाईच होते."

बाबांनी दोन दिवस काम केलं नाही. तिसऱ्या दिवशी ते उठले, गावातून उतरवून आणलेले चाळीस झेंडे समोर घेतले आणि काळा माणूस उसवायला बसले. देशच उरला नाही तर झेंडा कशाला, असा त्यांचा हिशोब. कापड तर आता येणार नव्हतं. मित्रांनो, जे मी शिवलं ते माझ्यासमोर उसवलं जात होतं. टाक्यांची भोकं मात्र पिवळ्या कापडावर राहिली. उजेडात धरलं की अजून माणूस दिसे.

मग बाबांनी चाळिसावा झेंडा घेतला आणि कात्री लावली. अंदाजानं माप धरून त्यांनी बाळाचा अंगरखा बेतला. अंग हिरवं, बाह्या तांबड्या, गळ्याची पट्टी पिवळी. इथं त्यांची चूक झाली, पण ती कळायला महिना लागला.

बावीस सप्टेंबरला आमचा देश पुन्हा स्वतंत्र झाला, या वेळी एकटाच. नाव तेच, माली. आणि झेंडाही तोच! पट्टे तेच, काळा माणूस तोच. सत्तेवरच्या पक्षाच्या कचेरीतून निरोप आला की चाळीसही झेंडे उद्या सकाळी हवेत. गाडी नसल्यामुळे मामारीला कचेरीत बसवलं होतं, आणि झेंडे मोजून घ्यायला त्यालाच पाठवलं.

दिवसभर मी धावत होते. बाबांनी प्रत्येक काळा माणूस जुन्याच भोकांवर बसवला. मामारीनं मोजलं.

"एकोणचाळीस," तो म्हणाला. "चाळिसावा कुठंय?"

बाबांनी खणातून छोटा अंगरखा काढून त्याच्यासमोर ठेवला.

मामारीनं तो उचलून उजेडात धरला. "जारा," तो हळू म्हणाला, "देशाचा झेंडा कापलास? कचेरीतल्या लोकांना कळलं तर तुरुंगात टाकतील तुला."

"तेव्हा देश नव्हता."

"मग आता आहे ना!"

बाबांनी हात जोडले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्राओरे, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतो. हा उसवायला सांगू नकोस."

मामारीनं डोकं खाजवलं. मग तो एकदम हसला. "चवळी खाऊन खाऊन पोट भरेना, म्हणून आता झेंडे खायला लागलात काय रे? ठेव तो आत. कुणाला दाखवू नकोस."

चाळिसावी काठी स्टेशनावर होती. दुसऱ्या दिवशी तिथं मामारीनं आपला गार्डचा हिरवा झेंडा लावला. कचेरीत विचारलं तर म्हणाला, "स्टेशन रेल्वेचं आहे. गाडी येईपर्यंत तिथं रेल्वेचाच झेंडा राहील." कुणी वाद घातला नाही. गाडीची वाट सगळेच पाहत होते.

कचेरीतून एक जण येऊन भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, "तो पलीकडचा माणूस कापून टाका." बाबांनी फोटो काढून निरखला. "यांचे हात एकमेकांत आहेत," ते म्हणाले. "कुठून कापू?" मग त्यांनी फोटो मधोमध दुमडला, अर्धा मागे गेला, आणि पुन्हा टाचला. तो माणूस निघून गेला.

सेनेगलनं नवा झेंडा केला होता. पट्टे आमच्यासारखेच, मध्ये हिरवा तारा. शाळेच्या दोरीसाठी मास्तरांनी तोही मागितला. मामारी चिडला. "ज्यांनी गाडी बंद पाडली त्यांचा तारा शिवणार?"

"माझी मुलगी त्या ताऱ्याखाली राहते," बाबा म्हणाले आणि माझी मूठ धरली. पुढे ऑक्टोबरात नायजेरिया आला, नोव्हेंबरात मॉरिटानिया. वर्षअखेर दोरीवर सतरा झेंडे झाले. मालीचा आणि सेनेगलचा शेजारी शेजारी.

मॉरिटानियाचा शिवत होतो त्याच आठवड्यात मास्तरांचा एक गुराखी भाऊ सरहद्दीची नदी ओलांडून सेनेगलमधून आला. त्यानं पागोट्याच्या घडीतून एक दोरा काढला. तीन गाठी.

"मुलगी आहे," तो म्हणाला. "तेनिन नाव ठेवलंय."

तेनिन म्हणजे सोमवारी जन्मलेली. शेवटची गाडी आली, त्याच सोमवारी. बाबांनी दोरा गालाला लावला, आणि मग अंगरख्यावर. अंगरखा सगळीकडून लहान होता.

"घेऊन जाशील?" बाबांनी विचारलं.

"हे तीन रंग?" गुराख्यानं हात मागे घेतला. "नको बाबा. तिकडचा शिपाई म्हणेल इकडचा झेंडा आहे, इकडचा म्हणेल तिकडचा. माझी गुरं जातील आणि मीही जाईन."

म्हणून अंगरखा माझ्या खणातच राहिला. पुढच्या मार्चमध्ये सरकारनं झेंड्यावरून काळा माणूस कायमचा काढला. माणसाची आकृती नको, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. त्याला मी दोनदा शिवलं आणि दोनदा तो उसवला गेला. बाबांनी चाळिसाव्या झेंड्याचे उरलेले तुकडे जपले होते, आणि पोर वाढत असेल तसा ते जोडून अंगरखा उसवून वाढवत राहिले. शेजारी त्याच आठवड्यात जन्मलेली एक मुलगी होती, तिचं माप घेत. दुमडीत चार बोटं कापड जादा ठेवत. दुसरा दोरा काही आला नाही. गुराखी पुन्हा फिरकला नाही.

१९६३च्या जूनमध्ये एका सकाळी शिट्टी ऐकू आली. बाबांचा हात माझ्या मुठीवरच थांबला. गावातले लोक स्टेशनाकडे पळाले. मामारीनं काठीवरून आपला झेंडा उतरवला, तीन वर्षांच्या उन्हानं तो पांढुरका झाला होता, आणि तोच हलवत तो फलाटावर उभा राहिला.

न्येले थेट दुकानात आली. कडेवर नाही, बोटाला धरून एक मुलगी. लांब पायांची, अनोळखी माणसांकडे कपाळाला आठ्या घालून बघणारी. बाबांनी आधी हात पुसले. त्यांनी खण उघडला आणि अंगरखा तिच्या डोक्यावरून घातला. खांदे बरोबर बसले. छाती बरोबर बसली. खाली मात्र गुडघे उघडे!

"शेजारणीची पोर बुटकी निघाली," बाबा म्हणाले. त्यांनी दुमडीतलं कापड सोडलं. तरीही चार बोटं कमी पडलं. कपाटात हिरव्याचा तुकडा नव्हता.

दारात मामारी उभा होता. "चवळीखाऊंच्या घरात एवढी उंच पोर? न्येले, खरं सांग, हिला तिकडं काय घातलंस?" असं म्हणत त्यानं हातातला झेंडा दातांनी फाडला आणि एक पट्टी बाबांपुढे धरली. "घे. चाळिसावा पुरा कर."

बाबांनी ती पट्टी खाली जोडली. मूठ फिरवायला तेनिन माझ्याजवळ आली आणि बाबांनी तिचा हात आपल्या हाताखाली घेतला. मी आयुष्यात सतरा देशांचे झेंडे शिवले, पण ती टीप थोडी वाकडी आली. ती कुणी उसवली नाही. शिवून झाल्यावर बाबांनी भिंतीवरचा फोटो काढला, त्याची घडी उलगडली आणि परत लावला. मध्ये एक रेघ राहिली, एवढंच.

मित्रांनो, बाबा गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. नंतर तयार कपडे आले आणि माझ्यावर पाण्याची घागर ठेवायला लागले. सुईखालच्या माझ्या पट्टीला गंज चढला. कोंबडी एकदा माझ्या चाकाखाली अंडी घालून गेली. त्याचं मला वाईट वाटलं नाही, तेल कुणी घालत नव्हतं याचं वाटलं. आता मी तेनिनच्या ओसरीवर आहे. तिचे केस पिकले. परवा तिनं घागर उचलून बाजूला ठेवली, माझ्या सांध्यांत थेंब थेंब तेल सोडलं आणि मुठीला एक नवा दोरा बांधला. तिला नात झाली आहे.

तुमच्या घरी कोपऱ्यात कुणी माझ्यासारखं पडलं असेल, तर त्याला विकण्याआधी एकदा पुसा आणि फिरवून बघा. आणि कात्री हातात घ्याल तेव्हा आधी बघा, दुमडून भागतं का. दुमडलेलं मी स्वतः उलगडताना पाहिलं आहे.

दोऱ्याला तीन गाठी आहेत. तेनिनचा अंगठा आता त्या खळग्यात बसतो.